कोल्हापुरातलं जुन्या गाडीवाल्यांचं जमणं: पन्हाळा ड्राइव्ह, उघडी बॉनेटं आणि आपले मिस्त्री

गंगावेशकर

राम राम मंडळी. गेल्या शनिवार-रविवारी आपलं जुन्या गाडीवाल्यांचं जमणं झालं, फोटो बऱ्याच जणांनी मागितलेत, टाकतो सगळे, पण आधी जरा लिहू द्या कारण मला जे सांगायचंय ते फोटोत आलेलंच नाही.

शनिवारी संध्याकाळी ताराबाई पार्कात एका मेंबरच्या बंगल्याच्या आवारात गाड्या लागल्या. पद्मिनी नेहमीप्रमाणे सगळ्यात जास्त, मग ॲम्बेसेडर, निपाणीहून आलेली एक स्टँडर्ड हेराल्ड, जीपा, एक काँटेसा, एक सुरुवातीच्या काळातली मारुती ८००, आणि इचलकरंजीकरांची डुक्कर फियाट, जिच्यापासून पोरं हलायलाच तयार नव्हती. तिच्या पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला, त्यामुळं दार उलटं उघडतं, प्रत्येक पोराला ते एकदा उघडून बघायचं होतं आणि मालकानं एकालाही नको म्हटलं नाही. मला हे फार आवडलं. काही ठिकाणी गाडीभोवती दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी लावतात, आपल्याकडं ते नको.

आता मुद्द्याचं. एका ॲम्बेसेडरचं आयडलिंग खराब होतं, उभी असताना नुसती थरथरायची. सगळे जण कार्बोरेटरवर आले, कुणी म्हणालं जेट (पेट्रोल यायचं बारीक भोक) साफ करा, कुणी म्हणालं फ्लोट बघा. त्या मालकांनी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींना गाड्या बघायला म्हणून बोलवलेलं, वय सत्तरच्या पुढं, नातवाच्या मागं स्कूटरवर बसून आलेले. त्यांनी कार्बोरेटरला हातच लावला नाही. चारी प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर एकापुढं एक ओळीनं मांडले. एक आणि दोन छान फिकट तपकिरी, तीन आणि चार पांढरट. मग आम्हाला विचारलं, दोनच का पांढरे आणि शेजारशेजारचेच का? कुणालाच सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले की ह्या इंजिनात तीन-चार नंबरला आत जायची वाट एकच आहे, पेट्रोल-हवा त्या एकाच भोकातून दोघांत जाते, तिथं कुठंतरी बाहेरची हवा ओढतंय म्हणून दोघं एकदम उपाशी. प्लग परत बसवले, गाडी चालू केली, तेलाच्या कुपीतून मॅनिफोल्डच्या (पेट्रोल-हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्यांच्या) मागच्या जोडावर दोन थेंब सोडले आणि थरथर थांबली! तेल आत ओढलं गेलं तशी पुन्हा सुरू. नट पाना लावून बघितले तर अर्धा आटा ढिले. आवळले, झालं.

ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन मूळचं मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेलं, त्याच्या हेडला इनलेटचे दोनच पोर्ट आहेत, हे पुस्तकात मिळेल. पण प्लगचा रंग बघून जोड्या लावायच्या आणि दोन थेंब तेलानं खात्री करून घ्यायची हे ज्या हातात आहे तो हात आता थकलाय. नातू शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, त्याचं चांगलं चाललंय, तो परत कार्बोरेटर खोलायला येणार नाही आणि त्यानं यावं असं मीही म्हणणार नाही. पण मग हे कुठं राहणार? आपण चकाकणाऱ्या गाड्यांना ट्रॉफ्या देतो. माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी ट्रॉफीचा खर्च बाजूला ठेवून त्या पैशातून दोन-तीन जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन सन्मानानं बोलवू, दिवसभर बॉनेट उघडी ठेवू आणि ते जे सांगतील ते सगळं रेकॉर्ड करू. नावाजलेल्या म्हादबा मेस्त्रींचं गाव आहे हे, इथं हे झालं नाही तर कुठं होणार?

रविवारचं थोडक्यात सांगतो. सकाळी दसरा चौक, तिथून सीपीआर दवाखान्यावरून शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि वर पन्हाळा. झुणका-भाकर, दही, ठेचा. सगळ्या गाड्या स्वतःच्या पायावर वर गेल्या आणि खाली आल्या.

पद्मिनी_७८

दादा मस्त लिहिलंय. मी पण होतो, क्रीम कलरची पद्मिनी माझीच. प्लगची गोष्ट चालू होती तेव्हा मी अगदी मिस्त्रींच्या शेजारी उभा, मी तो पेपर घडी करून घरी आणलाय, प्लगचे काळे गोल उठलेत त्यावर.

एक प्रश्न आहे जाणकारांना. गाडी वडिलांची, १९७८ ची. ती व्हिंटेजमध्ये नोंदवता येईल का? कुणीतरी म्हणालं की त्यामुळं नोंदणीच्या रिन्यूअलची कटकट संपते.

नोंदणी_माहिती

@पद्मिनी_७८, आत्ता नाही. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमात व्हिंटेजसाठी वेगळी तरतूद केली, त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी-चारचाकी धरतात, म्हणजे तुमची २०२८ ला बसेल. शिवाय गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं.

पण घाईनं त्यात पडू नका ही माझी कळकळीची विनंती. व्हिंटेजमध्ये गेलेली गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. तुम्ही जर रविवारी आईला अंबाबाईला घेऊन जात असाल तर साधं रिन्यूअलच बरं, ५ वर्षांनी करावं लागतं, फी वाढलीय हे खरं पण गाडी तुमच्या रोजच्या आयुष्यात राहते.

आणि लोक व्हिंटेज, क्लासिक सगळं एकत्र करतात. जुन्या गाड्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा, ती ३० वर्षांपुढच्या नीट जपलेल्या गाडीला ऐतिहासिक मानते. आपला ५० चा नियम नोंदणीपुरता. त्यामुळं त्या मारुती ८०० वाल्यांनी आपण चुकून आलोय असं अजिबात समजू नये, १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती आली, ४० वर्षं उलटली तिला.

पद्मिनी_७८

आईला अंबाबाईला नेतोच ओ, म्हणूनच तर ठेवलीय. मग रिन्यूअलच करतो. आभारी आहे.

वडापवाला

भावांनो, मी जीप घेऊन आलतो, बिद्रीकडनं. मला एक बोलायचंय, वाईट वाटून घेऊ नका. शनिवारी एक पाहुणे माझ्या जीपचं बॉनेट उघडून बघून म्हणाले की हे डिझेल इंजिन मूळचं नाही, हिला काय किंमत नाही, आणि पुढं गेले. आता माझ्या आजोबांनी ही जीप घेतली तेव्हा पेट्रोलच होती, पण नंतर वडापला, म्हणजे सीटप्रमाणे प्रवासी न्यायला, घातली आणि पेट्रोलवर वडाप परवडतंय का सांगा. सगळ्या राधानगरी-भुदरगड पट्ट्यात जीपांना डिझेल इंजिनं बसली ती ह्याच कारणानं. आमच्या गावातली बाळंतीण पण ह्याच जीपमधनं दवाखान्यात गेलीय आणि बाजाराचं बोचकं पण. आमच्या घराची दोन एकर जमीन ह्या जीपच्या पैशावर आलीय. ती मूळची नाही म्हणजे काय?

गंगावेशकर

@वडापवाला, दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. फॅक्टरीतून आली तशी ठेवलेली गाडी हा एक इतिहास आणि इथल्या मिस्त्रीनं इथल्या गरजेपायी बदललेली गाडी हा दुसरा, आणि दुसऱ्याचं कुणी काहीच लिहून ठेवलेलं नाही. त्या वेळी कुणी बसवलं इंजिन, गिअरबॉक्सला जोडायला ॲडॉप्टर प्लेट कुठं बनवली, हे तुमच्या घरात कुणाला आठवत असेल तर नक्की लिहा. पुढच्या वेळी तुमची जीप पहिल्या ओळीत लावू, हा माझा शब्द.

वडापवाला

प्लेट उद्यमनगरातच झाली, वडील सांगायचे. लेथवर दोन दिवस लागलेले आणि वडील तिथंच बाकड्यावर झोपलेले. मिस्त्री गेले आता, पण त्यांचा मुलगा दुकान चालवतोय, विचारतो त्याला.

हेराल्ड_निपाणी

नमस्कार, हेराल्ड माझी. कोल्हापूरकरांनी केलेला पाहुणचार विसरणार नाही, पांढऱ्या रश्श्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

हेराल्ड स्टँडर्डनं मद्रासला १९६१ पासून बनवली. हिचं पूर्ण नाक, बॉनेट आणि मडगार्डसकट, पुढं कलतं आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन सगळं उघडं पडतं, टायरवर बसून काम करता येतं. शनिवारी लोकांनी बराच वेळ बघितलं म्हणून एक गोष्ट सांगतो जी ह्या गाडीच्या जिवाची आहे. पुढच्या चाकाशी खाली जो ट्रनियन असतो, म्हणजे चाक वळतं तो आट्यांचा पितळी सांधा, त्यात ग्रीस मारायचं नाही. तिथं गिअर ऑइल लागतं, नव्वद नंबरचं. बहुतेक गॅरेजमध्ये ग्रीसगन घेऊन सगळ्या निपलांना एकाच दमात ग्रीस मारतात, ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत कोरडं पडतं, गंजतं, आणि एक दिवस वळणावर चाक आडवं होतं. मला हे बेळगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, त्यांनी तेल भरायला वेगळी गनच ठेवली होती आणि तिच्यावर लाल रंगाचा पट्टा मारलेला की पोऱ्यानं चुकूनही तिच्यात ग्रीस भरू नये. तो लाल पट्टा मी माझ्या गनवर पण मारलाय. गंगावेशकर म्हणतात तसं हे सगळं रेकॉर्ड व्हायलाच पाहिजे, मी माझ्या गाडीपुरतं सगळं सांगायला तयार आहे.

घाटरस्ता

रविवारच्या ड्राइव्हबद्दल दोन शब्द कारण पुढच्या वेळी नवीन लोक येतील. सध्या गळीत हंगाम आहे, त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून चाललेल्या असतात, मागं लाइट नसतो बऱ्याचदा. आपल्या बहुतेक गाड्यांना चारी चाकांना ड्रम ब्रेक, सर्वो (ब्रेक दाबायला मदत करणारी यंत्रणा) नाही. नवीन गाडीच्या सवयीनं ट्रॉलीच्या मागं चिकटू नका, दुप्पट अंतर ठेवा. वाघबीळच्या वर चढताना ज्या गिअरवर गेलात त्याच गिअरवर उतरायचं हा जुना नियम, तो पाळा. ड्रम एकदा तापले की पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही, आणि उतरून वास आला तर लगेच पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर करकर न होता बसवणारी सोय) नाही. चढावर गाडी पूर्ण थांबवून मगच पहिला टाका, नाहीतर डबल क्लच, म्हणजे मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबणं, शिका. त्या दिवशी काँटेसाच्या मागून येताना एका पोरानं पद्मिनीच्या स्टिअरिंगजवळच्या गिअरवर डबल क्लच करून दुसऱ्यावरून पहिला टाकला, कुठं करकर नाही काही नाही, ऐकूनच समाधान वाटलं. नाद खुळा.

राजारामपुरी_९वी_गल्ली

पेट्रोलचं कुणी बोलत नाहीये म्हणून विचारते. माझ्या पद्मिनीचा पेट्रोल पाइप सहा महिन्यांत मऊ पडला आणि इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा (डायफ्राम) पण गेला. इथेनॉलमुळं का?

उद्यमनगर_कट्टा

@राजारामपुरी_९वी_गल्ली, ताई शक्यता दाट आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. आपल्या भागातले साखर कारखानेच इथेनॉल बनवतात, उसाला त्यातून पैसे मिळतात, त्यामुळं त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण आपली गाडी त्यासाठी बनलेली नाही एवढं ध्यानात ठेवून सोय करायची.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. तेव्हा पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची सुई आणि वॉशर हे इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या, दुकानात विटॉन म्हणून मागा, महाग आहे पण लवकर बदलायला लागत नाही. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी टाकीत तळाला बसतं आणि पत्रा गंजायला लागतो. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा आणि टाकीतलं पेट्रोल फार दिवस साठवू नका. तिसरं, मिश्रण थोडं पातळ पडतं. नवीन गाडीत कॉम्प्युटर आपोआप पेट्रोल वाढवतो, आपल्याकडं ते काम जेटनं करायचं. एक नंबर मोठा जेट टाकून प्लगचा रंग बघत बघत जमवा.

आणि शिशाचं पण सांगतो, त्याकडं लोक दुर्लक्ष करतात. २००० साली देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह बसतो ती जागा शिशाच्या थरामुळं टिकायची. आता ती हळूहळू झिजते, टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हजवळची फट) कमी कमी होत जातो, आणि लोक नुसता गॅप वाढवत बसतात. टॅपेट वारंवार घट्ट होत असेल तर हेड उतरवा आणि कडक सीट रिंगा बसवून घ्या. हे काम कोल्हापुरात होतं तसं फार कमी ठिकाणी होत असेल, पुण्या-मुंबईचे लोक इथं हेड पाठवतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

राजारामपुरी_९वी_गल्ली

खूप खूप धन्यवाद दादा. माझ्या टॅपेटचं अगदी हेच होतंय, दर वेळी घट्ट. हेड उतरवायलाच सांगते.

कुंभारगल्ली_शाहूपुरी

मला महापुराबद्दल लिहायचंय कारण ह्या धाग्यावर वाचणाऱ्यांपैकी कुणाच्यातरी शेडमध्ये २०१९ ची बुडालेली गाडी अजून पडून असेल आणि आता भंगारात घालावी असं वाटत असेल. घालू नका.

आमची ॲम्बेसेडर ऑगस्ट २०१९ ला छतापर्यंत पाण्यात होती. आम्ही माणसं, म्हशी, कागदपत्रं काढली, गाडी काढायला वेळच नव्हता. पाणी ओसरल्यावर शेजारच्या मिस्त्रीकाकांनी पहिल्यांदा काय केलं तर बॅटरीची वायर काढली आणि बाबांकडून चावी मागून घेतली, म्हणाले मी सांगेपर्यंत कुणी स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग प्लग काढले, इंजिन, गिअरबॉक्स, मागचं हाऊसिंग, सगळीकडचं तेल सोडलं, ते दुधाळ चहासारखं बाहेर आलं. टाकी उतरवली. प्लगच्या भोकातून डिझेल आणि तेल सोडून इंजिन रोज हातानं थोडं थोडं फिरवायचे. स्वतःचं घर गाळानं भरलेलं असताना हा माणूस संध्याकाळी येऊन आमची गाडी फिरवायचा.

सगळ्यात वाईट असतो तो गाळ. ब्रेकच्या ड्रममध्ये, दारांच्या आत, आणि खालच्या पोकळ पत्र्यांमध्ये म्हणजे दाराखालच्या पट्टीत. वरून गाडी धुतली की छान दिसते पण आत गाळ ओला राहतो आणि वर्ष-दोन वर्षात पत्रा आतून खातो. काकांनी प्रत्येक पोकळीला खालून भोक पाडलं, प्रेशरनं पाणी मारलं, स्वच्छ पाणी येईपर्यंत मारत राहिले, उन्हात वाळवलं आणि मग आत गरम मेण सोडलं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा गाडी आधीच टेकडीवर नेऊन लावलेली. आजही तो पत्रा ठणठणीत आहे, वीकेंडला ज्यांनी वाकून बघितला त्यांना विचारा.

काका बोलत नाहीत फार. पण मी त्यांच्याशी बोलले, पुढच्या वेळी यायला तयार आहेत.

गंगावेशकर

@कुंभारगल्ली_शाहूपुरी, ताई, हे तुम्ही लिहिलंत त्याची प्रिंट काढून प्रत्येक मेंबरच्या शेडमध्ये लावली पाहिजे. काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांना न्यायला-आणायला गाडी पाठवतो.

दसराचौक

सगळं वाचलं. मला वाटतं आपल्या गावाला ह्या गाड्यांचं वेड कुठून लागलं तर दसऱ्यातून. सीमोल्लंघनाला छत्रपती मेबॅकमधून दसरा चौकात येतात, अंबाबाईची आणि भवानीची पालखी येते, शमीपूजन होतं, सोनं लुटायची झुंबड उडते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती मेबॅक बघितली तेव्हा मला ती देवाच्या पालखीतलीच एक वाटायची. मोठा झाल्यावर कळलं की ह्या कंपनीनं झेपेलिन, म्हणजे फुग्यासारख्या मोठ्या वायुनौकांची, इंजिनं बनवली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिच्या त्या जुन्या मोटारी बंदच झाल्या. म्हणजे पार्ट मिळायचा प्रश्नच नाही, आणि तरी गाडी चालत येते, ढकलत नाही. कुणीतरी तिच्या खाली आडवं झाल्याशिवाय हे होत नाही. त्या माणसांबद्दल आपल्याला काय माहीत आहे? म्हणून गंगावेशकरांच्या कल्पनेला माझं अनुमोदन, मानधनासाठी माझे ५,००० धरा.

घाटरस्ता

माझेही ५,०००.

ट्रॉफी_कमिटी

मी थोडा विरोधात बोलतो. ट्रॉफी पूर्ण बंद करू नका. ज्या मुलांनी दोन-दोन वर्षं पगार वाचवून गाडी उभी केली त्यांना चारचौघांत कौतुक लागतं, त्यातून दुसरे तयार होतात. सगळ्या बक्षिसांऐवजी एकच ठेवा आणि ते गाडीला देताना मालक आणि मिस्त्री दोघांचं नाव पुकारा. कार्डावर पण दोघांची नावं छापा, मालक, गाडी, साल आणि काम कुणी केलं ते. हे दुसऱ्या गावातल्या शोमध्ये मी बघितलेलं नाही, आपण सुरू करू.

गंगावेशकर

हे माझ्यापेक्षा चांगलं सुचलं. मान्य. एकच ट्रॉफी, दोन नावं.

मग आता कामाचं. जागा तीच, ताराबाई पार्क, मेंबरनी होकार दिलाय. शनिवार पूर्ण दिवस मिस्त्रींचा, खुर्च्या बॉनेटच्या समोर, मागं नाही, कारण ह्या वेळी मागच्यांना काही दिसलं नाही. आवाज टिपायला कॉलरला लावायचा माइक लागेल, इंजिन चालू असताना मोबाइलवर बोलणं ऐकूच येत नाही. @वडापवाला ॲडॉप्टर प्लेटचं विचारून ठेवतील. @हेराल्ड_निपाणी ट्रनियनचं दाखवतील. @कुंभारगल्ली ताई काकांना आणतील. @उद्यमनगर_कट्टा, व्हॉल्व्ह सीट बसवतानाचं काम दाखवता येईल का, एखादं उतरवलेलं हेड मिळालं तर?

उद्यमनगर_कट्टा

हेड आहे माझ्याकडं, पद्मिनीचं, तडा गेलेलं, शिकवायला चालेल. सीट बसवणारे मिस्त्री शनिवारी दुपारपर्यंत दुकानात असतात, तीननंतर येतील. त्यांना गोड चालत नाही, चहा बिनसाखरेचा ठेवा.

राजारामपुरी_९वी_गल्ली

माइक माझ्याकडे दोन आहेत, क्लासचे. घेऊन येते. रेकॉर्डिंगच्या टायपिंगचं पण मी करेन, फक्त कुणीतरी जाणकार शेजारी बसा, पार्टांची नावं चुकायला नकोत.